टाळेबंदीतली हवा आणि चाकणचा रस्ता

मार्च २०२० च्या अखेरीस पुणे परिसराच्या हवेबद्दल दोन आकडे प्रसिद्ध झाले. पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेची, म्हणजे आयआयटीएमची, ‘सफर’ ही हवेची गुणवत्ता मोजणारी यंत्रणा आहे. तिच्या नोंदींनुसार कोरोनाचे निर्बंध लागू झाल्यावर पुण्याच्या हवेतले नायट्रोजनचे ऑक्साइड ४३ टक्क्यांनी उतरले होते आणि पीएम २.५ हे सूक्ष्म कण १५ टक्क्यांनी. बातम्यांत हे दोन्ही आकडे शेजारी शेजारी छापून आले आणि ‘हवा स्वच्छ झाली’ एवढ्यावर विषय संपला. पण शहर एकच, दिवस तेच, रस्ते तेच. मग एक प्रदूषक जवळजवळ निम्म्यावर आला आणि दुसरा जेमतेम हलला, असं का झालं?

या प्रश्नाचं उत्तर पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात राहणाऱ्या प्रत्येकाच्या कामाचं आहे. एरवी इथली धुरांडी, ट्रक, खोदकामं, भट्ट्या आणि शेकोट्या एकाच वेळी चालू असतात. कशामुळे हवा किती बिघडते हे वेगळं काढणं अवघड जातं आणि प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. टाळेबंदीनं यातले काही स्रोत एका झटक्यात बंद केले आणि काही चालू राहू दिले. कोणत्याही शास्त्रज्ञाला एरवी परवानगी मिळाली नसती असा प्रयोग, फार मोठी किंमत मोजून, घडून गेला. त्यातून जे कळलं ते वापरलं नाही, तर ती किंमत वाया गेली असंच म्हणावं लागेल.

गाडी तयार होण्याआधीचा प्रवास

पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा सरकारी कारखाना आला, तेव्हा आजूबाजूला बहुतेक माळरान होतं. १९६० च्या दशकात एमआयडीसीनं भूखंड पाडले, टेल्को आणि बजाज आले, त्यांच्याभोवती कामगारांच्या वसाहती वाढल्या आणि १९८२ मध्ये पिंपरी-चिंचवड महानगरपालिका झाली. पुढे जागा अपुरी पडू लागली तसा उद्योग पुणे-नाशिक रस्त्यानं उत्तरेकडे सरकला. कांदा-बटाट्याच्या बाजारासाठी ओळखलं जाणारं चाकण वाहनांचं गाव झालं. बजाजचा तिथला कारखाना १९९९ चा. फोक्सवॅगन आणि मर्सिडीज-बेंझ यांचे कारखाने २००९ मध्ये सुरू झाले, महिंद्राही आली. म्हाळुंगे, निघोजे, खालुंब्रे, नाणेकरवाडी, कुरुळी या गावांच्या शिवारात आता पिकांच्या बरोबरीनं पत्र्याच्या शेड दिसतात.

मोठ्या कंपनीत होते ती मुख्यतः जुळणी. गाडीला लागणारा एखादा साधा लोखंडी भाग घेतला, तरी त्याचं ओतकाम एका फाउंड्रीत होतं, मशिनिंग भोसरीतल्या एखाद्या शेडमध्ये, प्लेटिंग किंवा पावडर कोटिंग तिसऱ्याच ठिकाणी. तिथून तो तपासणीला जातो, ट्रेमध्ये भरला जातो आणि टेम्पोनं चाकणला पोहोचतो. कंपन्या माल साठवून ठेवत नाहीत. लाइनवर लागेल तसा, तासांच्या हिशेबानं मागवतात. वेळ चुकली तर लाइन थांबते आणि व्हेंडरला दंड बसतो. म्हणून टेम्पो अर्धा भरला असला तरी निघतो. तयार गाड्या पुन्हा लांबलचक ट्रेलरवर चढून देशभर जातात. म्हणजे एखादी मोटार शोरूमला लागण्याआधीच तिच्या नावावर डिझेलच्या कितीतरी फेऱ्या जमा झालेल्या असतात. त्या फेऱ्या मोशी, चिंबळी फाटा, आळंदी फाटा, तळेगाव चौक, आंबेठाण चौक अशा ठिकाणी अडकतात. अडकलेल्या ट्रकचं इंजिन चालूच राहतं आणि त्याचा धूर टपरीवर चहा प्यायला थांबलेल्या कामगाराच्या, शाळेला निघालेल्या मुलाच्या नाकातोंडात जातो.

राज्यातले पहिले कोरोना रुग्ण ९ मार्च २०२० रोजी पुण्यात सापडले. २२ मार्चला जनता कर्फ्यू झाला, २३ मार्चपासून राज्यात निर्बंध कडक झाले आणि २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी आली. वाहन कंपन्यांच्या लाइन बंद पडल्या, त्यांच्याबरोबर भोसरीतली जॉबवर्कची शेड, कंपनीच्या बस, टेम्पो, ट्रेलर, सगळंच उभं राहिलं. भाजी, दूध, औषधं, गॅस यांची वाहतूक आणि घरोघरच्या चुली मात्र चालू होत्या.

यंत्राच्या पोटात काय चालतं

निगडी, भोसरी, आळंदी, भूमकर चौक इथं ‘सफर’ची केंद्रं आहेत. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळही स्वतंत्र मोजणी करतं. आपण मोबाइलवर एक रंगीत आकडा पाहतो. तो आकडा घडतो कसा हे समजून घेतलं, तर ४३ आणि १५ मधला फरक निम्मा तिथंच उलगडतो.

सूक्ष्म कण मोजणाऱ्या एका प्रचलित यंत्रात कॅसेटसारखी गाळणी-कागदाची फीत असते. पंप मिनिटाला सुमारे १६.७ लिटर, म्हणजे तासाला बरोबर एक घनमीटर हवा त्या कागदातून ओढतो. तासाभरानं कागदावर राखाडी ठिपका उमटतो. त्याच्या आरपार बीटा किरण सोडले जातात. ठिपक्यात कण जितके जास्त तितके किरण कमी पोहोचतात आणि त्यावरून वजन काढलं जातं. या यंत्राला फक्त वजन कळतं. तो कण ट्रकच्या धुरातला, मोशीच्या खाणीतला, कचऱ्याच्या धुरातला की दोनशे किलोमीटरवरून वाऱ्याबरोबर आलेला, हे त्याला सांगता येत नाही. त्यासाठी कागद प्रयोगशाळेत नेऊन रासायनिक विश्लेषण करावं लागतं.

नायट्रोजनच्या ऑक्साइडचं यंत्र वेगळ्या तत्त्वावर चालतं. ते स्वतः थोडा ओझोन तयार करतं आणि ओढलेल्या हवेत मिसळतं. हवेतला नायट्रिक ऑक्साइड ओझोनला भेटला की नायट्रोजन डायऑक्साइड बनतो आणि त्या क्षणी अगदी मंद प्रकाश बाहेर पडतो. तो प्रकाश मोजला की वायूचं प्रमाण कळतं. नायट्रिक ऑक्साइड आणि ओझोन यांची ही भेट लक्षात ठेवायला हवी, कारण तीच प्रक्रिया भर रस्त्यातही चालते आणि टाळेबंदीतल्या एका अनपेक्षित गोष्टीचं मूळ तिच्यात आहे.

४३ टक्के: इंजिन बंद, परिणाम लगेच

शहरातले नायट्रोजनचे ऑक्साइड बहुतांश उच्च तापमानाच्या ज्वलनातून येतात. इंजिनात किंवा भट्टीत हवा प्रचंड तापली की हवेतलाच नायट्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र येतात. डिझेल ट्रक, बस, जनरेटर, बॉयलर हे त्याचे मुख्य उगम. हे वायू हवेत फार काळ टिकत नाहीत. दिवसाउजेडी काही तासांतच त्यांचं रूपांतर होतं. त्यामुळे आज मोजलेला नायट्रोजन डायऑक्साइड म्हणजे आजच, जवळपासच जळालेल्या इंधनाचा पुरावा. स्रोत थांबला की आकडा त्याच दिवशी उतरतो. पुण्यात तेच दिसलं. ‘सफर’च्या त्याच नोंदींत मुंबईची घट ३८ टक्के आणि अहमदाबादची ५० टक्के होती.

हा बदल अवकाशातूनही टिपला गेला. २०१७ मध्ये सोडलेल्या सेंटिनेल-५पी या युरोपीय उपग्रहावरचं उपकरण रोज दुपारच्या सुमारास या वायूचा नकाशा काढतं. आधी चीनवरचा, मग इटलीवरचा आणि शेवटी भारतातल्या महानगरांवरचा डाग त्या नकाशांत फिका पडत गेला. मुंबई आणि दिल्लीवर ही घट आदल्या वर्षीच्या त्याच दिवसांच्या तुलनेत ४० ते ५० टक्के होती. कोळशाची औष्णिक वीजकेंद्रं असलेला पूर्व-मध्य भारत मात्र उठून दिसत राहिला, कारण वीज बंद झाली नव्हती.

आपल्या पट्ट्यासाठी याचा अर्थ सरळ आहे. नायट्रोजन डायऑक्साइडचा मोठा वाटा रस्त्यावरच्या इंजिनांचा आहे आणि त्यावर केलेल्या उपायाला हवा तत्काळ प्रतिसाद देते. वर्षानुवर्षं वाट पाहावी लागत नाही.

१५ टक्के: हट्टी धूळ

पीएम २.५ म्हणजे २.५ मायक्रॉनपेक्षा लहान कण. माणसाचा केस साधारण ५० ते ७० मायक्रॉन जाड असतो, यावरून त्यांच्या बारीकपणाची कल्पना यावी. नाकातले केस आणि घशातला ओलावा त्यांना अडवू शकत नाहीत. ते फुप्फुसांच्या टोकापर्यंत जातात आणि हृदयविकार, पक्षाघात, दमा यांना हातभार लावतात. आपल्या देशाचं वार्षिक मानक घनमीटरला ४० मायक्रोग्रॅमचं आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये आपली शिफारस ५ वर आणली.

हे कण कोरड्या ऋतूत अनेक दिवस हवेत तरंगत राहतात. म्हणून बंदीच्या पहिल्या आठवड्यात मोजलेल्या हवेत आधीच्या दिवसांची शिल्लक आणि बाहेरून आलेला साठा दोन्ही होते. शिवाय त्यांचे उगम अनेक आहेत आणि त्यातले बरेच टाळेबंदीत थांबले नव्हते.

पहिला उगम माती. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं २०१० च्या सुमारास सहा शहरांतल्या प्रदूषणाच्या स्रोतांचा अभ्यास करून घेतला. त्यात पुण्याचं काम एआरएआय या वाहन संशोधन संस्थेनं केलं. पीएम १० या जरा मोठ्या कणांच्या हिशेबात रस्त्यावरची उडती धूळ सगळ्यांत वरच्या क्रमांकावर निघाली. चाकण परिसरात राहणाऱ्याला याचं नवल वाटणार नाही. डांबर संपतं तिथं मातीची साइडपट्टी, तिच्यावर उतरणारी अवजड चाकं, खडी सांडत जाणारे डंपर, भराव, खोदलेल्या चऱ्या. टाळेबंदीत वाहनं थांबली तशी ही धूळ उडणंही खूप कमी झालं, पण मार्च-एप्रिलचा कोरडा वारा उघड्या मातीवरून फिरतच होता.

दुसरा उगम जाळणं. मार्च ते मे हा आपल्याकडे वणव्यांचा काळ. टेकड्यांवरचं वाळलेलं गवत पेटतं, बांध जाळले जातात, उसाचं पाचट जळतं. मावळ, मुळशी, भोर या भातपट्ट्यांत रोपवाटिकेची जमीन तयार करताना राब भाजतात. पालापाचोळा, फांद्या, शेण पसरून त्यावर माती टाकून ते सावकाश धुमसू देतात. पोट भरण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली ही रीत आहे आणि शेती टाळेबंदीत बंद नव्हती. मध्य भारतातल्या वणव्यांचा धूरही वारा अनुकूल असला की दख्खनच्या पठारावर येतो.

तिसरा उगम सगळ्यांत कमी माहीत असलेला. काही कण धुरांड्यातून बाहेर पडतच नाहीत, ते हवेतच तयार होतात. कोळशाच्या धुरातला सल्फर डायऑक्साइड, वाहनांतले नायट्रोजनचे ऑक्साइड आणि खतं व जनावरांच्या मलमूत्रातून सुटणारा अमोनिया यांच्या संयोगातून सल्फेट आणि नायट्रेटचे बारीक कण जन्मतात. त्यांचा कच्चा माल शेकडो किलोमीटरवरचा असू शकतो. भोसरीतली भट्टी विझली म्हणून दूरच्या वीजकेंद्राचं धुरांडं थांबत नाही.

तुलना कशाशी?

आता एक अडचण सांगायला हवी. देशातल्या २२ शहरांच्या मार्च-एप्रिल २०२० च्या हवेची आधीच्या तीन वर्षांशी तुलना करणारा एक अभ्यास लवकरच प्रसिद्ध झाला. त्यात पीएम २.५ ची घट ४३ टक्के आणि नायट्रोजन डायऑक्साइडची १८ टक्के निघाली. पुण्याच्या आकड्यांच्या हे अगदी उलट आहे. दोन्हींत खोटं कुणीच नाही. शहरं वेगळी, दिवस वेगळे आणि तुलनेचा पाया वेगळा. ‘इतके टक्के घट’ असं वाचलं की ‘कशाच्या तुलनेत’ हा प्रश्न आधी विचारायला हवा.

यात सगळ्यांत मोठी गफलत हवामान करतं. पुणे परिसर समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर, डोंगरांच्या कुशीत आहे. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री जमीन लवकर थंड होते, तिच्यालगतची हवा गार आणि जड होऊन खाली बसते आणि वर तुलनेनं उबदार हवेचा थर राहतो. पातेल्यावर झाकण ठेवावं तसा धूर खालीच कोंडतो. मार्चपासून ऊन तापू लागतं, दुपारी हवा दोन-तीन किलोमीटर उंचीपर्यंत घुसळली जाते आणि तेवढाच धूर मोठ्या जागेत पसरून विरळ होतो. म्हणजे टाळेबंदी आली नसती तरी जानेवारीपेक्षा एप्रिलची हवा बरीच चांगली असती. त्यामुळे जानेवारी २०२० आणि एप्रिल २०२० असे दोन फोटो शेजारी ठेवून काढलेला निष्कर्ष फसवा ठरतो. आधीच्या वर्षांतल्या त्याच आठवड्यांशी तुलना करावी लागते आणि पाऊस, वारा, तापमान यांचा परिणामही वजा करावा लागतो.

ब्रिटनमधल्या बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या नेतृत्वाखालच्या संशोधकांनी २०२१ मध्ये जगातल्या ११ शहरांसाठी हे काम केलं, त्यात दिल्लीही होती. हवामानाचा वाटा संगणकी पद्धतीनं बाजूला काढल्यावर टाळेबंदीमुळे झालेली घट अचानक होती हे खरं ठरलं, पण ती आधी वाटलं होतं त्यापेक्षा लहान निघाली.

याच हिशेबानं जुलै २०२० आठवून पाहावा. १४ जुलैपासून दहा दिवस पुणे आणि पिंपरी-चिंचवडमध्ये पुन्हा कडक टाळेबंदी लागली. तेव्हा आकाशात पाऊस होता. पावसाचे थेंब कण धुऊन काढतात, ओली माती उडत नाही आणि अरबी समुद्रावरून येणारा वारा मोकळी हवा आणतो. आधीच धुतल्या गेलेल्या हवेत टाळेबंदीचा वेगळा परिणाम उठून दिसायला जागाच उरत नाही. आपल्या पट्ट्याची खरी परीक्षा नोव्हेंबर ते फेब्रुवारी या चार महिन्यांत असते, आणि त्या महिन्यांत पूर्ण टाळेबंदी कधी झालीच नाही. एप्रिलमधून मिळालेलं उत्तर हिवाळ्याला जसंच्या तसं लावता येणार नाही, हे धोरण आखणाऱ्यांनी ध्यानात ठेवलं पाहिजे.

वाढलेला ओझोन

त्या २२ शहरांच्या अभ्यासात एक प्रदूषक वाढला होता: जमिनीलगतचा ओझोन, १७ टक्क्यांनी. युरोप आणि चीनमधल्या अनेक शहरांतही तेच आढळलं. सगळं बंद असताना हा कसा वाढला?

ओझोन कुठल्याही धुरांड्यातून निघत नाही. नायट्रोजन डायऑक्साइडवर ऊन पडलं की त्यातला ऑक्सिजनचा एक अणू सुटतो, तो हवेतल्या ऑक्सिजनला चिकटतो आणि ओझोन बनतो. पण वाहनांच्या धुरातून आलेला ताजा नायट्रिक ऑक्साइड त्याच ओझोनला गाठून संपवतो. हीच ती मोजणी-यंत्रातली भेट. गजबजलेल्या चौकात धूर इतका असतो की तो ओझोनला टिकू देत नाही. चौक रिकामा झाला की ओझोन खाणारा वायू कमी पडतो आणि एप्रिलच्या कडक उन्हात ओझोन साठत जातो. भरीला पेंट शॉप, थिनर, गोंद, पेट्रोलची वाफ आणि झाडंझुडपं यांतून येणारी सेंद्रिय रसायनं ओझोन तयार व्हायला मदत करतात.

वाहनांच्या धुरावर नियंत्रण नको, असा याचा अर्थ मुळीच नाही. नायट्रोजनचे ऑक्साइड कमी करताना रंगकाम आणि द्रावकांची वाफही त्याच वेगानं कमी केली पाहिजे, हा त्याचा अर्थ. ज्या पट्ट्यात रोज हजारो पत्रे रंगवले जातात, तिथं पेंट शॉपची वाफ पकडून जाळणं किंवा शोषून घेणं आणि पाण्यावर आधारित रंगांकडे वळणं हे धूर कमी करण्याइतकंच महत्त्वाचं आहे.

आपला हवा गुणवत्ता निर्देशांक २०१५ पासून वापरात आहे. तो आठ प्रदूषकांतला जो सर्वांत वाईट असेल त्याच्यावर ठरतो, सरासरीवर ठरत नाही. त्यामुळे एक प्रदूषक निम्म्यानं उतरला तरी सर्वांत वाईट असलेला दुसरा जागच्या जागी असेल, तर निर्देशांक हलणारच नाही. मोबाइलवरचा रंग बघून थांबू नये. त्या दिवशी ‘प्रमुख प्रदूषक’ कोणता होता तेही बघावं.

बंद हा उपाय नव्हता

एप्रिल २०२० मधलं निळं आकाश आठवताना त्याखाली काय चाललं होतं तेही आठवायला हवं. चिखली, भोसरी, चाकण, म्हाळुंगे इथल्या एकेका खोलीत पाच-सहा जणांनी राहणारे कंत्राटी कामगार रोजंदारी बंद झाल्यावर भाड्याच्या आणि धान्याच्या चिंतेत पडले. उत्तर प्रदेश, बिहार, मराठवाडा, विदर्भ इथली माणसं बोचकी उचलून चालू लागली. कर्जावर मशीन घेतलेल्या लघुउद्योजकांचे हप्ते तुंबले. स्वच्छ हवेची ही किंमत कुणीही कुणावर लादू नये.

कारखाना आणि श्वास यांच्यात वैर आहे, ही समजूतही त्याच काळात खोटी ठरली. वैद्यकीय ऑक्सिजन हवेपासूनच बनतो. हवा गाळून, दाबून, उणे १८० अंशांच्याही खाली थंड केली की ऑक्सिजन द्रवरूपात वेगळा होतो. असे प्रकल्प चाकणमध्ये आहेत. सप्टेंबर २०२० मध्ये राज्य सरकारनं ऑक्सिजन उत्पादनाचा ८० टक्के वाटा रुग्णालयांसाठी राखला आणि एप्रिल २०२१ च्या दुसऱ्या लाटेत तो सगळाच्या सगळा तिकडे वळवला. याच पट्ट्यातल्या यंत्रांनी, याच पट्ट्यातल्या टँकर-चालकांनी रात्रंदिवस काम करून लोकांचे श्वास चालू ठेवले.

आणखी एक बदल त्याच दिवसांत, कुणाचं फारसं लक्ष नसताना झाला. १ एप्रिल २०२० पासून देशभर वाहनांच्या धुरासाठीचं बीएस-६ मानक लागू झालं. इंधनातला गंधक ५० वरून १० पीपीएमवर आला आणि डिझेल मोटारींसाठी नायट्रोजनच्या ऑक्साइडची मर्यादा किलोमीटरला २५० वरून ८० मिलिग्रॅमवर. या मानकाच्या गाड्या भोसरी-चाकणच्या माणसांनीही बनवून, तपासून, लाइनवर चढवून दाखवल्या. म्हणजे कारखाना चालू ठेवून धूर कमी करण्याची कुवत या पट्ट्यात आहे, हे सिद्ध झालेलं आहे. फक्त जुने ट्रक अजून अनेक वर्षं रस्त्यावर राहतील आणि इंजिन कितीही सुधारलं तरी टायर, ब्रेक आणि मातीची धूळ तशीच राहते.

मग काय करायचं?

टाळेबंदीनं कामाचा क्रम दाखवून दिला आहे. जे लगेच कमी होतं ते मालवाहतुकीत आहे. पाच व्हेंडरांचा माल एकाच गाडीनं गोळा करण्याची ‘मिल्क रन’ पद्धत कंपन्यांना माहीत आहे. ती अपवाद न राहता नियम व्हावी. ट्रकसाठी चौकांच्या बाहेर हक्काचे तळ हवेत, म्हणजे गेट उघडायची वाट पाहत इंजिन घरघरणार नाही. कारखान्यांतल्या छोट्या फेऱ्यांसाठी विजेचे टेम्पो आज उपलब्ध आहेत. पीएमपीच्या ई-बस २०१९ पासून निगडीतून धावतात, मेट्रो मार्च २०२२ मध्ये पिंपरीतून सुरू झाली. त्यांची साखळी कंपनीच्या गेटपर्यंत जोडली गेली, तर दुचाकीवरचा कामगार त्यांच्याकडे येईल.

जे हट्टी आहे ते धुळीत आहे. त्यासाठी साइडपट्ट्या पक्क्या करणं, झाडूऐवजी ओढून घेणाऱ्या यंत्रानं रस्ते साफ करणं, डंपरवर ताडपत्री, सिमेंट काँक्रीटच्या प्लांटमधून बाहेर पडताना चाकं धुणं, मोशीच्या खाणींवर पाण्याचे फवारे, ही कामं आहेत. यात नवा शोध काही नाही. रोज, न चुकता करावी लागणारी ही कामं आहेत आणि त्यांची तपासणी व्हावी लागते.

जाळण्याचा प्रश्न माणसांना सोबत घेऊनच सुटेल. फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेनं कुदळवाडी-चिखली भागातली भंगाराची गोदामं मोठ्या कारवाईत पाडली. जागा मोकळी झाली, पण रबर, फोम, वायर यांचं भंगार निघणं थांबलेलं नाही. ते जिथं गेलं तिथं उघड्यावर जळू नये म्हणून त्याची विल्हेवाट लावायची अधिकृत सोय हवी. हिवाळ्यात रात्रपाळीचा वॉचमन थंडीनं कुडकुडत प्लायवूडचे तुकडे आणि पुठ्ठे पेटवतो. त्याला हीटर आणि बंदिस्त केबिन देणं ठेकेदाराला आणि कंपनीला परवडणारं आहे. मावळातल्या शेतकऱ्याला राबाऐवजी गादीवाफ्याची किंवा सगुणा भात तंत्राची वाट दाखवताना पहिल्या हंगामाची जोखीम त्याच्या एकट्याच्या डोक्यावर टाकू नये. भट्ट्यांसाठी फर्नेस ऑइल आणि कोळशाच्या जागी पाइपचा गॅस किंवा वीज येताना छोट्या फाउंड्रीला कर्ज आणि मुदत मिळायला हवी.

या सगळ्याच्या मुळाशी मोजणी आहे. चाकणच्या चौकांत, म्हाळुंग्याच्या वस्तीत, भोसरीच्या शाळांजवळ यंत्रं दाट असावीत. नुसतं वजन न करता कण कुठून आला हे सांगणारं रासायनिक विश्लेषण दर हिवाळ्यात व्हावं आणि त्याचा अहवाल मराठीतून प्रत्येक ग्रामपंचायतीत आणि प्रभाग कार्यालयात लावला जावा.

२०२० च्या एप्रिलनं या पट्ट्याला एक आधाररेषा दिली आहे. तिन्ही पाळ्या चालू असताना, लाइन पूर्ण वेगानं पळत असताना आणि प्रत्येक हाताला काम असताना निगडी-भोसरीतला नायट्रोजन डायऑक्साइड त्या रेषेच्या जवळ आला पाहिजे आणि पीएम २.५ तिच्याही खाली गेला पाहिजे, कारण धूळ उडणं आणि जाळणं तेव्हाही पूर्ण थांबलं नव्हतं. महापालिका, प्रदूषण नियंत्रण मंडळ, एमआयडीसी आणि मोठ्या कंपन्यांनी हे उद्दिष्ट तारखेसह जाहीर करावं. दर वर्षी मार्च-एप्रिलचे आणि हिवाळ्याचे आकडे समोर ठेवून आपण त्याचा हिशेब मागावा. हा हिशेब मागणं हा इथं घाम गाळणाऱ्या प्रत्येकाचा हक्क आहे.